जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर: परवाना, पारख आणि कॅमेरा

भारतात जुन्या रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करायचा म्हटलं की पहिली अडचण पैशांची नसते, आकड्याची असते. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. आजोबांकडून वारशानं आलेलं शस्त्रही या दोनातच मोजलं जातं. अमेरिकेतला हौशी माणूस काचेच्या कपाटात कोल्टची अख्खी रांग मांडतो, ते इथं होणे नाही. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे संग्रह करायचा तर तो शिक्क्यांचा, कागदांचा आणि फोटोंचा करावा. घरात एखादं रिव्हॉल्व्हर, बाकीची सगळी फोल्डरमध्ये. मात्र हे फोटो असे हवेत, की दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी ते उघडले तर त्याला वस्तू हातात न घेताही तिची माहिती मिळावी.

उदाहरणासाठी वेब्ली घेतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या या कंपनीची रिव्हॉल्व्हरं ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानभर फिरली, संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या घरांत पोचली. आज कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रिव्हॉल्व्हर बघितलं तर त्याची घडण वेब्लीचीच आहे. शिवाय वेब्लीवर वाचण्यासारखं खूप काही कोरलेलं असतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

'जुनं आहे म्हणजे परवाना लागत नाही' हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण अट अशी, की ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द नीट लक्षात ठेवा. १९१६ चं वेब्ली गंजलेलं असलं, त्याची स्प्रिंग तुटलेली असली, तरी चांगला कारागीर ते चालू करू शकत असेल तर कायद्याच्या नजरेत ती बंदूकच. माळ्यावरच्या ट्रंकेत असं काही सापडलं तर त्याला तेलपाणी करत बसू नका. वकिलाशी बोला आणि पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी कळवा. सूट लागू होते की नाही हे ठरवणं आपलं काम नाही. स्वतःच नळी बुजवून ती 'निकामी' करण्याचा उद्योग तर अजिबात नको. त्यानं कायदेशीर अडचण सुटत नाही आणि वस्तू मात्र कायमची जाते.

विकत घ्यायचं असेल तर आधी परवाना, मग परवानाधारक विक्रेता किंवा परवानाधारक मालक, आणि प्रत्येक हस्तांतराची परवान्यावर नोंद. लष्करी .४५५ बोअरचं वेब्ली आज सामान्य परवान्यावर मिळेल ही आशा सोडून द्या. खासगी हातांत फिरतात ती मुख्यतः .३२ बोअरची. परदेशी मालाची खासगी आयात कित्येक वर्षांपासून जवळजवळ बंद असल्यानं जुन्या .३२ वेब्लीची किंमत लाखांत जाते. इंग्लंडमधल्या लिलावाच्या यादीशी तिची तुलना करून मन:स्ताप करून घेऊ नये.

आणखी एक कायदा बरेच जण विसरतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडे पाठवून देतो, असं ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र 'अँटिक' धरलं जातं, पण राज्यांचे नियम वेगळे असतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नवे नियम आहेत. तिथं १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची बनावट आणि कालबाह्य काडतूस किंवा दारू पेटवण्याची कालबाह्य पद्धत, अशा दोन्ही बाजू तपासल्या जातात. आपल्या गावचा नियम तिथल्या पोलिसांकडून समजून घ्या.

फोटोग्राफरसाठी या सगळ्याचा अर्थ एकच: कॅमेरा रिव्हॉल्व्हरकडे जातो, रिव्हॉल्व्हर स्टुडिओत येत नाही. मालकाच्या घरी, मालक समोर असताना काम करायचं. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा असतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या.

कोणतं वेब्ली समोर आहे

लष्करी मालिकेत सहा 'मार्क', म्हणजे आवृत्त्या, आहेत. पहिला १८८७ मध्ये स्वीकारला गेला, दुसरा १८९५, तिसरा १८९७, चौथा १८९९, पाचवा १९१३ आणि सहावा १९१५. चौथ्याला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धामुळे त्याच युद्धाचं नाव चिकटलं आहे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मूठ. पहिल्या पाचांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळते, सहाव्याची चौकोनी आणि भरीव असते. नळीही पाहा: आधीच्यांची बहुतेक चार इंची, सहाव्याची सहा इंची. मार्क सहा रिकामं असतानाच साधारण एक किलो शंभर ग्रॅम भरतं. फोटोसाठी काचेवर ठेवताना हे वजन लक्षात असू द्या.

यांच्याशिवाय नागरी वापराची मॉडेलं वेगळी. १८६८ मध्ये रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीनं, म्हणजे आयर्लंडच्या पोलीस दलानं, घेतलेलं आर.आय.सी., १८७२ चं आखूड नळीचं 'ब्रिटिश बुलडॉग', विल्किन्सन कंपनीनं आपल्या नावानं विकलेली उंची वेब्ली-विल्किन्सन, आणि खिशात मावणारी .३२ ची. दुसऱ्या महायुद्धातलं .३८ चं मार्क चार आणि त्याच्याच वळणाचं, ब्रिटिश सरकारी कारखान्याचं एन्फिल्ड नंबर दोन यांच्यात नवखा माणूस हमखास गोंधळतो. तिथं आकारावर विसंबण्यापेक्षा कारखान्याचं नाव वाचावं.

वर्ष ठरवायला कंपनीचं नाव उपयोगी पडतं. १८९७ मध्ये वेब्ली, स्कॉट आणि एलिस या तीन घराण्यांचं एकत्रीकरण होऊन 'वेब्ली अँड स्कॉट' झाली. त्यामुळे 'पी. वेब्ली अँड सन' असं कोरलेलं असेल तर माल बहुधा त्याआधीचा. मार्क सहाच्या फ्रेमवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, अनेकदा सरळ सालच ठोकलेलं सापडतं. १९२१ नंतरची काही वर्षं तो एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यातही बनला, तेव्हा 'एन्फिल्ड' दिसलं म्हणून लगेच बनावट म्हणू नका.

शिक्के वाचणं

खरी गंमत इथं आहे.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. प्रत्येक नळी जास्त दारूनं उडवून तपासायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. १९०४ पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड दिसतात. त्यानंतर मुकुटाखाली इंग्रजी अक्षरांच्या जोड्या येतात: बीपी, बीव्ही आणि एनपी. यातली एनपी ही धूरविरहित दारूसाठी केलेल्या चाचणीची खूण. लष्करी मालावर याशिवाय सरकारी मालकीचा रुंद बाण असतो. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असले तर ती वस्तू सरकारी सेवेतून रीतसर विकली गेली असं समजावं. त्या एका खुणेवरून अर्धा इतिहास कळतो.

लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं दिसली तर माल बेल्जियममधल्या लिएजचा. लंबगोलावर मुकुट असेल तर तो १८९३ नंतरचा. बुलडॉगच्या असंख्य नकला लिएजमध्ये झाल्या. त्या 'खोट्या' नाहीत, फक्त वेब्लीच्या नाहीत, आणि किमतीत तेवढा फरक पडायला हवा.

आपल्याकडच्या नमुन्यांवर विक्रेत्याचं नाव जरूर शोधा. ते बहुतेक नळीच्या वरच्या पट्टीवर असतं. कोलकात्याच्या मँटन आणि रॉडा या दुकानांची नावं भेटतात. ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली, ती या रॉडा कंपनीचीच. 'आर्मी अँड नेव्ही' सहकारी संस्थेचं नाव असेल तर मुंबईकरांना विशेष वाटेल. त्यांची इमारत काळा घोड्याला महात्मा गांधी रस्त्यावर अजून उभी आहे. अशा नावामुळे वस्तू कोणत्या पेढीनं विकली ते कळतं. ती कुणी वापरली, हे मात्र कळत नाही. 'अमक्या महाराजांचं रिव्हॉल्व्हर' ही कथा कागद असल्याशिवाय किमतीत धरू नये.

अनुक्रमांक फ्रेमवर, नळीवर आणि सिलिंडरवर (काडतुसांचे कप्पे असलेल्या फिरत्या भागावर) तपासा. तिन्ही जुळले तर उत्तम. सिलिंडरचा वेगळा निघाला तर कधीतरी भाग बदलला आहे.

फसवणुकीच्या तीन जागा

पहिली, सरहद्द प्रांतातल्या (आता पाकिस्तानात) हाती बनवलेल्या नकला. दर्रा आदमखेल आणि आसपासच्या कारागिरांनी वेब्लीच्या हुबेहूब प्रती केल्या, पण त्यांना इंग्रजी वाचता येत होतंच असं नाही. म्हणून अक्षर उलटं पडलेलं, शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, मुकुट वाकडा, ओळ तिरकी असं सापडतं. पोलाद कसलं आहे याचा भरवसा नाही. अशा वस्तूला स्वतःचं ऐतिहासिक मोल आहे, पण ते वेगळं.

दुसरी, नव्यानं दिलेला मुलामा. जुन्या पोलादावरचा निळसर काळा थर, म्हणजे ब्लूइंग, हाताळणीनं कडांवर उडतो आणि खाली तपकिरी छटा येते. ते चांगलं लक्षण आहे. उलट सगळीकडे एकसारखा चकचकीत काळा रंग आणि त्याच्याखाली गंजाचे खड्डे दिसत असतील, तर बफ मारून पुन्हा ब्लूइंग केलेलं आहे. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, सपाट बाजूवर तिरका प्रकाश टाकला की लाटा दिसतात. विक्रेता याला 'मिंट कंडिशन' म्हणेल. माझ्या लेखी त्यापेक्षा मळलेलं, पण मूळ रंगाचं रिव्हॉल्व्हर केव्हाही वरचढ.

तिसरी जागा परदेशी खरेदीदारांसाठी. अमेरिकेत गेलेल्या कित्येक मार्क सहांचे सिलिंडर मागून घासून .४५ एसीपी काडतुसासाठी बदलले आहेत. त्यानं संग्राहकमूल्य घटतं, आणि त्या काडतुसाचा दाब या जुन्या फ्रेमला झेपेलच असं नाही.

फोटोआधी

ज्या खोलीत फोटो काढायचे त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको, शोभेसाठी बाजूला ठेवायलाही नको. रिव्हॉल्व्हर मालकानं स्वतः उघडावं. आर.आय.सी. आणि बुलडॉग सोडले तर वेब्लीची नळी बहुधा खिटी दाबली की पुढे मोडते, सगळे कप्पे एकदम दिसतात. ते मालकानं पाहायचे, मग तुम्ही पाहायचे, आणि दर वेळी वस्तू हातात घेताना पुन्हा पाहायचे. चापावर बोट नाही, रिकामा घोडा 'टक्' करून बघणं नाही. समोरून नळीच्या तोंडाचा फोटो हवा असेल तर कॅमेरा तिवईवर लावून टायमरनं घ्या, स्वतः बाजूला उभे राहा. रिकामं असल्याची खात्री झाल्यावरही ही सवय मोडू नये.

हातात पातळ नायट्राइलचे मोजे घाला. घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे उमटवतं आणि ते पुढे गंजतात. सुती मोज्यांत पकड सुटते, धागे अडकतात. धूळ मऊ ब्रशनं झटका. पॉलिश, चिंच, टूथपेस्ट, घासणी यांतलं काहीही नको. तेल असेल तर कोरड्या मऊ कापडानं टिपून घ्या, कारण तेलाचा थर फोटोत चट्ट्यासारखा उठतो. काम संपल्यावर तो परत लावायचा आहे.

प्रकाश

काळसर, गुळगुळीत पोलादाचा फोटो म्हणजे खरं तर त्यात पडलेल्या खोलीच्या प्रतिबिंबाचा फोटो. रुखवतातल्या नव्या स्टीलच्या डब्याचा फोटो काढून बघा: डबा दिसतच नाही, ट्यूबलाइट आणि फोटो काढणारा दिसतो. म्हणून वस्तूवर प्रकाश किती टाकायचा यापेक्षा वस्तूला काय 'दाखवायचं' याचा विचार आधी करावा. तिला मोठा, पांढरा, एकसारखा उजळलेला पडदा दाखवा.

खर्च फार नाही. स्टेशनरीच्या दुकानातला मोठा ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं पातळ कापड चौकटीवर ताणा, वस्तूच्या वर आणि किंचित मागे, साधारण दोन फुटांवर तिरकं बांधा. त्याच्या पलीकडून एक एलईडी दिवा. दिवा कागदापासून लांब ठेवा, म्हणजे कागदभर उजेड पसरेल, मध्ये पांढरा गोळा उठणार नाही. खालच्या बाजूची सावली उचलायला समोर थर्माकोलचा तुकडा. नळीची खालची कड पार्श्वभूमीत विरघळत असेल तर काळ्या कार्डशीटची एक पट्टी शेजारी उभी करा. पोलादात तिची बारीक काळी रेघ उमटते आणि आकार स्पष्ट होतो. या एका पट्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या लेन्सनंही पडत नाही.

निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरला हेच तंत्र, पण कागदाचा तंबू जवळजवळ चारी बाजूंनी आणि फक्त लेन्सपुरती फट. हॅलोजनचे तापणारे दिवे नकोत. वेब्लीच्या मुठीवरच्या कित्येक पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या असतात. ऊन आणि उजेड यांनी त्या काळ्याच्या तपकिरी होतात. गच्चीवर उन्हात फोटो काढायचा मोह त्यासाठीही टाळावा.

पार्श्वभूमीला मध्यम करडा, बिनचमकीचा कागद घ्या. काळ्यावर काळं पोलाद हरवतं, लाल मखमलीची छटा धातूत उतरते आणि तिचे तंतू सगळीकडे चिकटतात. काडतुसांचे पट्टे, गुलाबाची फुलं, पत्ते, व्हिस्कीचा ग्लास, यांचा इथं काय संबंध ते मला कधी कळलं नाही.

सावलीशिवाय फोटो हवा असेल तर कागदाच्या वर वीत-दीड वीत उंचीवर जाड काच दोन मजबूत आधारांवर ठेवा, तिच्यावर रिव्हॉल्व्हर आडवं ठेवा आणि कॅमेरा बरोबर वरून लावा. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब आलं तर काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरा.

कॅमेरा आणि मांडणी

लेन्स लांब हवी, फुल फ्रेमवर ८० ते १०० मिलिमीटर. जवळून रुंद लेन्सनं काढलं की नळीचं तोंड सुजतं, मूठ आकसते आणि मॉडेल ओळखणाराही फसतो. मोबाइल असेल तर दोनपट किंवा तीनपटीची लेन्स निवडा आणि मागे सरका. तिवई हवीच. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, शटर जेवढा वेळ लागेल तेवढा, दोन सेकंदांचा टायमर. पहिल्या फोटोत करडं कार्ड ठेवून पांढऱ्याचा समतोल ठरवून घ्या, नाहीतर ब्लूइंग एका फोटोत निळं आणि दुसऱ्यात हिरवट दिसेल. प्रत्येक बाजूचा निदान एक फोटो सेंटिमीटरची पट्टी शेजारी ठेवून.

क्रम ठरलेला असू द्या: डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून, समोरून, मागून. मग नळी मोडून उघडलेल्या स्थितीत दोन्ही बाजू, सिलिंडरचं तोंड, मागची तबकडी. त्यानंतर प्रत्येक स्क्रूचं डोकं, कारण खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसानं उघडलं आहे. मूठ, तिच्यावरच्या भेगा, तळाची कडी. नळीच्या आतल्या आट्यांसाठी, म्हणजे पिळदार खाचांसाठी, उघडलेल्या स्थितीत मागच्या टोकाशी पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा आणि पुढून, टायमरवर, फोटो घ्या. शेवटी म्यान आणि जुन्या पावत्या.

शिक्क्यांसाठी वरचा मऊ प्रकाश बंद. एकच छोटा दिवा पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात. अक्षरांच्या खोलगट भागात सावली भरते आणि मिटलेला शिक्काही वर येतो. एकाच शिक्क्याचे चार फोटो घ्या, दर वेळी दिवा पाव फेरा फिरवून, कॅमेरा न हलवता. डावीकडून न दिसलेला बाण खालून दिसतो. खडू किंवा मेण भरून अक्षरं उठवण्याची जुनी पद्धत मला पसंत नाही. भरलेलं पूर्ण निघत नाही. ध्रुवक (पोलरायझर) फिल्टरकडूनही फार अपेक्षा नको. धातूवरची चकाकी त्यानं तशीच राहते, दिव्यावरही ध्रुवक पत्रा लावला तरच ती मरते, आणि मग पोलाद निर्जीव दिसतं.

स्वतःकडे काही नसताना सराव करायचा तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या शस्त्रांपुढे उभं राहून नुसतं बघायला शिका. कुठल्याही संग्रहालयात फोटोंचा नियम आधी विचारा. परवानगी मिळाली तर रबरी हूड काचेला टेकवा आणि मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब काळ्या कापडानं झाका. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीजचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो. तुलनेसाठी तो चांगला.

नंतरचं काम

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल, कधी बदलू नका. प्रतीवर उजेड आणि रंग सुधारा, पण गंजाचा ठिपका किंवा ओरखडा पुसू नका. फाइलच्या नावात मॉडेल, बाजू आणि तारीख. अनुक्रमांक नावात नको. अनुक्रमांकाचा स्वच्छ फोटो मात्र वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये हवाच. चोरी झाली तर पोलिसांना तोच लागतो. कुठंही फोटो टाकायचा असेल तर अनुक्रमांक झाका, फाइलमधली जागेची माहिती काढून टाका आणि मालकाची लेखी संमती घ्या. कुणाच्या घरी काय आहे हे जगाला कळवायचं कारण नाही.

आवरताना बोटांच्या ठशांवरून कापड फिरवा, तेलाचा पातळ हात द्या. फार हाताळायचं नसेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेलं रेनेसाँस वॅक्स हे मेण पोलादाला आणि लाकडी मुठीलाही चालतं. चामडी म्यानात घालून ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि ओल धातू खातात, कोकणातल्या पावसाळ्यात तर एका मोसमात. म्यान वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं, आणि कुलूपबंद पेटीत सिलिका जेलची पुडी. तिचा रंग बदलला की तापवून वाळवा.

नवरात्र आलं, पाऊस ओसरला, की त्याच दिव्यांत, त्याच अंतरावरून डावी आणि उजवी बाजू पुन्हा काढा आणि गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून शंभर टक्के मोठं करून बघा. ठिपका वाढलेला दिसला तर पेटीतली ओल आधी शोधा, तेल मग.